दिवसा झोपणाऱ्यांचं छप्पर

राहू गावच्या एका ऊस-बागायतदाराच्या मुलानं आईवडिलांसाठी आमच्याकडून दोन खोल्यांचं तयार घर घेतलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला. म्हाताऱ्यांनी आणखी एक उन्हाळा जुन्या पत्र्याखाली काढू नये, एवढीच त्याची इच्छा. घर ट्रकनं गेलं, क्रेननं उतरलं, आणि काही दिवसांनी नेहमीप्रमाणं मी तपासणीला गेले. त्या मुलाचे वडील, आबा, आणि त्यांची बायको जुन्या घराच्या ओट्यावर बसले होते. आबा टोपीनं वारा घेत होते, आजी पदरानं. नव्या घराचं दार बंद.

"अजून राहायला गेला नाहीत होय?" मी विचारलं.

"गेलोय की," आबा म्हणाले. मग जरा थांबून, "म्हंजी, गेलीय."

दार उघडलं तर आतल्या मोठ्या खोलीत, पंख्याखाली, काळी-पांढरी होल्स्टीन गाय निवांत रवंथ करत बसलेली.

"विदेशी हाय, ताई. तिला आपलं ऊन सोसत न्हाई. उन्हाळा लागला की दूध आटतं तिचं. आमी काय, हितलंच."

"मुलाला माहीत आहे का?"

"त्यो यायचा आसंल तवा भाईर बांधतो तिला."

मी भिंतींचे सांधे तपासले, छत तपासलं. फरशी धुताना पाइपनं पाणी मारू नका, खालच्या कडेत पाणी मुरलं की पत्रा गंजतो, असं सांगितलं. आबांनी मन लावून ऐकलं. अहवालात 'ग्राहक समाधानी' असं लिहून मी सही केली. ग्राहक कोण, हे लिहायला तिथं जागा नव्हती.

रांजणगावच्या पट्ट्यात तयार घरं बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या सर्व्हिस विभागात मी सगळी नोकरी काढली. यंदा निवृत्त झाले. शिरूरहून स्कूटरवर निघायचं, शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या घरांच्या तक्रारी बघायच्या, संध्याकाळी परत यायचं. काम म्हणाल तर एवढंच. पण घर कारखान्यात तयार होतं म्हणजे काय, हे लोकांना नीट माहीत नसतं, म्हणून थोडं सांगते.

आमच्या घराला वीट नाही, वाळू नाही. लोखंडी सांगाडा असतो आणि त्याला भिंती म्हणून पॅनेल बसवतात. पॅनेल म्हणजे दोन पातळ रंगीत पत्रे आणि त्यांच्या मधे भरलेला पिवळा, कडक फेस. पुरणपोळीत जसं पुरण, तसा. काम सगळं पुरणाचं. बाहेरचा पत्रा तापतो, फेस ती उष्णता अडवतो, आतला पत्रा गार राहतो. फेस जितका जाड तितकं घर थंड. पण दोन पॅनेलांच्या सांध्यात बारीकशी जरी फट राहिली तरी गरम हवा तिथून आत शिरते. ती फट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मी उदबत्ती पेटवून सांध्यांवरून फिरवायचे. धूर सरळ वर गेला तर सांधा चांगला, धूर वाकला तर फट. पहिल्यांदा बघणाऱ्यांना वाटायचं, कंपनीनं वास्तुशांतीला बाई पाठवलीय. एका घरी तर माझी ओटीही भरली. मी घेतली. नाही कशी म्हणणार?

आता दर्जाचं. राहत्या इमारतींसाठी सरकारची ऊर्जा-बचतीची नियमावली आहे. छतातून किती उष्णता आत आलेली चालेल, भिंतीतून किती, हे त्यात सांगितलेलं आहे. पण ती लिहिताना डोळ्यांपुढं ठेवलेल्या इमारती मोठ्या. रानात क्रेननं उतरवलेल्या खोलीच्या छताची जाडी मोजायला माझ्या उभ्या नोकरीत कुणी आलेलं मी पाहिलं नाही. त्यामुळं जाडी ठरायची ती घेणाऱ्याच्या मर्जीनं. आमच्याकडं तीन प्रकार जास्त खपायचे. सगळ्यात जाड पॅनेल शीतगृहाला, म्हणजे भाजीपाल्याला. मधलं साइटवरच्या ऑफिसला, म्हणजे साहेबाला. सगळ्यात पातळ कामगारांच्या खोल्यांना. हे कुणी दुष्टपणानं ठरवलेलं नव्हतं. तसंच चालत आलेलं होतं आणि मीही ते तसंच लोकांना समजावून सांगत होते.

मग एक दिवस आप्पांचा फोन आला.

आप्पा म्हणजे औद्योगिक वसाहतीला लागून जमीन असलेले एक शेतकरी. थोडी जमीन वसाहतीत गेली, उरलेल्यात कांदा, डाळिंब, एक शेडनेटची रोपवाटिका, आणि कडेच्या पडीक तुकड्यावर कामगारांना भाड्यानं द्यायच्या खोल्यांची एक रांग. गावच्या सोसायटीत त्यांचा शब्द चालायचा. फोनवरही ते सभेत बोलल्यासारखे बोलायचे.

"ताई, तुमच्या खोल्यांत भूत हाय."

"काय करतंय?"

"पत्र्यावर चालतंय. सकाळी ऊन चढलं की टक्, टक्, टक्. आन् सांच्याला परत. दोन भाडेकरू गेले सोडून. बाकीचे कुजबुजत्यात. माझी इज्जत जायची येळ आली, आन् तुमी हसताय."

मी हसत नव्हते. पण कारण मला फोनवरच कळलं होतं.

गेले. खोल्या आमच्याच होत्या. भिंतींना आमचं पॅनेल. छताकडं पाहिलं तर साधा पत्रा. आप्पांनी भिंती आमच्याकडून घेतल्या होत्या आणि छत दुसरीकडून, स्वस्तातलं. पत्रा उन्हानं फुगतो, स्क्रूला अडखळतो आणि टक् करून सरकतो. संध्याकाळी आकसतो, तेव्हा पुन्हा तेच. भूत म्हणजे एवढंच होतं. पण खरी भानगड वेगळी होती. भिंती उष्णता अडवणाऱ्या आणि डोक्यावर उघडा पत्रा. म्हणजे वरून आत आलेला ताप बाहेर जायलाही वाट नाही. थर्मासमध्ये उकळतं पाणी ओतून बूच लावावं, तसं.

आत बघायला हवं म्हणून मी एका दाराची कडी वाजवली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. पंचविशीतली एक बाई उभी होती. अंगाभोवती ओली ओढणी गुंडाळलेली, डोळे लाल, उजव्या हाताच्या एका बोटाला पट्टी. ती मंगल. मूळची कवठे येमाईकडची. तिच्या सासरी पूर्वी मेंढ्या होत्या. आता थोडी शेती आणि दावणीला असाव्यात तेवढ्याच मेंढ्या. ती आणि तिचा नवरा बाळू दोघंही वसाहतीत कंत्राटावर होते. बाळू दिवसपाळीला फोर्कलिफ्ट चालवायचा. मंगल रात्रपाळीला, पॅकिंगमध्ये. मुलगी गावी सासूकडं. कंपनीची बस मंगलला सकाळी दारात सोडायची, तेव्हा बाळू निघालेला असायचा.

"झोपमोड केली का गं?" मी विचारलं.

"झोप असती तर मोडली असती," ती म्हणाली.

मी आत पाऊल टाकलं आणि भट्टीचं तोंड उघडल्यासारखं झालं. पंखा चालू होता, पण तो छताखालची गरम हवाच खाली ढकलत होता. फरशीवर पाणी शिंपडून तिनं त्यावर चटई टाकली होती.

"मालक म्हणतात इथं भूत आहे."

"भूत असतं तर त्याला म्हनले असते, बाबा वारा तरी घाल." ती हसली, मग बोटाकडं बघून हसणं थांबवलं. "खोक्यांना पट्टा आवळायच्या मशिनीत गेलं. डुलकी लागली. निस्ती एक डुलकी. सुपरवायझर म्हनला, घरी झोपून येत जा. आता त्याला काय सांगू, घरी कशी झोपू?"

आजवर शेकडो घरांची तपासणी करताना मी लोकांना विचारत आले, रात्री उकडतं का? कारण घर रात्री झोपायचं, हे आपण धरूनच चालतो. तिसऱ्या पाळीच्या माणसाची रात्र भर दुपारी असते, हे कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या छताला सगळ्यात जास्त काम होतं, आणि तिच्याच डोक्यावर सगळ्यात कमी छत होतं.

आप्पांच्या वस्तीवर जाऊन मी त्यांना सांगितलं, भूत नाही, छत बदला.

"ताई, आमी पत्र्याखालीच वाढलो," आप्पा म्हणाले. "आमचा गोठा पत्र्याचा, शाळा पत्र्याची. कोन मेलं का?"

"तुम्ही दुपारी कुठं झोपता, आप्पा?"

"लिंबाखाली."

"मग आज त्या रिकाम्या खोलीत झोपा. जेवण झाल्यावर. मी बाहेर बसते."

त्यांच्या बायकोला, माईंना, ही कल्पना फार आवडली. "जावा की," त्या म्हणाल्या. "रोज म्हनता नव्हं, बांधल्यात खोल्या बंगल्यावानी. आज बंगल्यात झोपा." सूनबाईंनी उशी दिली. गड्यानं बाज नेऊन टाकली. आप्पा टोपी सारखी करत, जेवून, पान लावून आत गेले आणि आम्हाला दाखवायला दार धाडकन लावून घेतलं.

आम्ही लिंबाखाली बसलो. पत्रा टकटकत होता. थोड्या वेळानं आतून बाज कुरकुरल्याचा आवाज आला. मग खोकला. मग बराच वेळ काहीच नाही, तेव्हा माई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची गंमत गेली होती.

"आवो, हाय का?" त्यांनी हाक मारली.

"हाय," आतून आवाज आला. "झोपलोय."

"झोपलेलं मानूस बोलतंय व्हय?"

दार उघडलं. आप्पांचा सदरा अंगाला चिकटला होता, टोपी हातात होती. ते कुणाकडं न बघता रांजणापाशी गेले, दोन तांबे पाणी प्याले, तिसरा डोक्यावर ओतला. मग लिंबाखाली बसले आणि समोरच्या खोल्यांच्या रांगेकडं बघत राहिले.

"ती पोरगी रोज ह्यात झोपती?"

"झोपायचा प्रयत्न करते."

"बदला," ते म्हणाले.

त्या कामाचा मला अजूनही अभिमान वाटतो. आप्पांनी साहेबवालं मधलं पॅनेल मागितलं. छत भिंतीबाहेर हातभर पुढं काढायला लावलं, म्हणजे भिंतींवरही सावली पडेल. छताखाली समोरासमोर जाळ्या ठेवल्या, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. स्क्रू रबरी वायसर लावून बसवले, सांधा न् सांधा उदबत्तीनं तपासला. भर दुपारी आत उभं राहिलं की बाहेरच्या उन्हाचा विसर पडायचा. टकटक बंद झाली. आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला आत नेऊन उभं करायचे आणि म्हणायचे, "सांगा, बाहेर काय हाय आन् आत काय हाय!" मंगल माझा हात धरून म्हणाली होती, "ताई, काल झोपले ते थेट बसच्या हॉर्नला उठले."

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा मंगलच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या दारालाही. त्याच्या शेजारीही. सगळी रांग बंद.

"कामावर गेल्यात समदी," आप्पा म्हणाले. "आता सुपरवायझर लोक राहत्यात. क्वालिटीवाले. शिकलेली पोरं."

"मंगल?"

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "भाडं वाढवावं लागलं ना, ताई. इतका खर्च केला. तिला परवडंना. मी काय जा म्हनलो न्हाई. तीच गेली."

मी एक खोली उघडून घेतली. आत गार होतं. इस्त्रीचे शर्ट टांगलेले, नीट घडी घातलेली गादी. ही माणसं सकाळी जायची आणि रात्री यायची. म्हणजे दिवसभर, जेव्हा त्या छताचं काम असायचं, तेव्हा खाली कुणीच नसायचं. मी सांधे तपासले. सगळे उत्तम होते. आप्पांवर चिडावं असं मला वाटलं, पण जमलं नाही. त्यांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. छत चांगलं झालं की खोलीची किंमत वाढते, हे खर्चाचा विषय निघाला तेव्हा मीच माझ्या तोंडानं त्यांना पटवून दिलं होतं.

मंगलचा नवा पत्ता बाळूकडून मिळाला. तो सुट्टीच्या दिवशी वसाहतीच्या चौकात चहाच्या टपरीवर भेटला. "या ना, मंगलला बरं वाटंल," म्हणाला. नवी खोली रस्त्याच्या पलीकडं, जुन्या चाळीसारख्या रांगेत. भिंती विटांच्या, डोक्यावर पत्रा. मी मनाची तयारी करून त्याच्यासोबत गेले, तर मंगल हसतमुखानं दारात.

"ताई, बघा तरी आत येऊन. तुमच्यासारखंच केलंय."

मी वर पाहिलं. सगळं छत आतून पांढरं होतं. मशीनच्या खोक्यांतून निघणारे थर्माकोलचे तुकडे तिनं कंपनीच्या भंगारातून मागून आणले होते आणि एकाला एक जोडून, तारेनं आणि चिकटपट्टीनं पत्र्याच्या खाली बसवले होते. फटी कागदानं बुजवलेल्या. काम इतकं नेटकं होतं की आमच्या कारखान्यातल्या कुणालाही तिनं लाजवलं असतं. खोलीत खरोखरच उकडत नव्हतं.

"झोप येती आता. चार-पाच तास सलग. बाळू म्हनतो, तुजा चेहरा परत आला."

तिच्या मागं, त्याच छताखाली, कोपऱ्यात गॅसची शेगडी होती. कढईत काहीतरी तळत होतं.

आमच्या कारखान्याच्या अंगणात एकदा वेल्डिंगची ठिणगी थर्माकोलच्या ढिगाऱ्यावर पडली होती. आग पसरायला वेळ लागत नाही, एवढंच मी सांगते. थर्माकोल पेटतो आणि वितळून थेंब थेंब खाली पडतो, आणि त्याचे थेंब पडतानाही जळत असतात. धूर काळा, घशात रुतणारा. मोकळ्या अंगणात माणसं पळाली म्हणून वाचली. पॅनेलमधल्या फेसालाही आगीची भीती असते, पण त्याच्या दोन्ही बाजूंना पत्रा असतो. इथं शेगडी आणि थर्माकोल यांच्या मधे काहीच नव्हतं, आणि खाली एक बाई दिवसा गाढ झोपणार होती.

मी तिला सांगितलं. जमेल तितकं सौम्यपणानं, पण सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. गॅस बंद केला. मग माझ्याकडं वळली.

"तुमच्या छतानं मला खोलीतनं काडलं. आता माजं छत बी काडायला आलाय व्हय?"

बाळू म्हणाला, "अगं, ताई चांगल्यासाठी..."

"चांगल्यासाठीच करत्यात समदी," ती म्हणाली. तिचा आवाज वाढला नाही. "आप्पांनी बी चांगल्यासाठीच केलं. चांगलं झालं की आमी भाईर. मी झोपू कवा, तेवढं सांगा."

मी उठले. स्कूटर सुरू केली आणि थेट आप्पांकडं गेले. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आप्पांना सगळं सांगितलं. माई म्हणाल्या, "त्या रोपवाटिकेचं जुनं नेट पडलंय नव्हं मागं?"

शेडनेट म्हणजे रोपांवर ताणतात ती हिरवी जाळी. ऊन निम्मं अडवते आणि वारा जाऊ देते. पत्र्याच्या वर ती हातभर उंचीवर बांबूंवर ताणली की पत्र्यावर सावली पडते आणि मधून वारा वाहतो. त्याआधी पत्र्याला चुना मारायचा. आपल्याकडचे पोल्ट्रीवाले उन्हाळ्यात कोंबड्यांसाठी हेच करतात. कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात मी हे वाचलेलं नव्हतं. कोंबड्यांना जे मिळत होतं, ते माणसांसाठी सुचवायला मला इतकी वर्षं लागली.

"न्या," आप्पा म्हणाले. "फाटलंय कडेला, पण चालंल. बांबू बी न्या. फकस्त माजं नाव सांगू नका. दुसरी लोकं बी मागायला येतील."

बाळूच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही ते केलं. चाळीचा मालक फोनवर म्हणाला, पत्र्याला एकही भोक पाडायचं नाही. म्हणून सगळं तारेनं बांधलं. मंगल आधी दारात हाताची घडी घालून उभी होती. मग बाळूनं बांबू उलटा धरला तेव्हा तिला राहवलं नाही. "सरका," म्हणाली, साडी खोचून शिडीवर चढली आणि जाळी अशी ताणली की सुरकुती राहिली नाही. ताण कसा द्यायचा हे तिला ठाऊक होतं. मेंढरं कोंडायची जाळी, वाघर, तिनं सासरी कितीदा लावली असेल. चुना मारून झाल्यावर तिनं खाली येऊन स्वतःच्या हातानं थर्माकोल उतरवला. एक तुकडा हातात धरून म्हणाली, "लई मेहनत घेतली हुती."

ती खोली थर्माकोल होता तेव्हाइतकी गार झाली नाही. खोटं सांगण्यात अर्थ नाही. मंगल पुढं म्हणाली, "पयल्यासारखं न्हाई, पर झोप लागती." त्या रांगेतल्या आणखी काहींनी जाळ्या टाकल्या. आप्पांकडं कुणी गेलं नाही. निदान गेल्याचं मला कळलं नाही.

कारखान्यात मी साहेबांना सुचवून पाहिलं, की कामगारांच्या खोल्यांना छत तरी ऑफिसचं द्या, भिंती पातळ चालतील. साहेब चांगले होते. म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक मागत नाही." ते खरं होतं. गिऱ्हाईक ठेकेदार असतो आणि तो त्या छताखाली झोपत नाही. नियमाची सक्ती असती तर त्याला मागावं लागलं असतं. निवृत्तीपर्यंत ती मी काही पाहिली नाही. पुढं होईलही.

मंगलचं कंत्राट संपलं आणि ती गावी गेली. बाळू तेवढा मागं राहिला. काही दिवसांनी तिचाच फोन आला. घराशेजारी एक खोली टाकायची म्हणत होती. आमच्या कारखान्याच्या अंगणात परत आलेली एक जुनी ऑफिस-केबिन पडून होती. तिनं येऊन ती स्वतः पाहिली, सांध्यांवरून हात फिरवला, दार उघडून आत उभी राहिली, बराच वेळ छताकडं बघत राहिली आणि हीच पाहिजे म्हणाली. केबिन कवठे येमाईला उतरवायला मी गेले नव्हते, दुसऱ्यांनी ते काम केलं. मी गेले ते नंतर, निवृत्त झाल्यावर, कुणी न पाठवता. जाताना ऊन चढलं होतं.

केबिनच्या दारात, सावलीला, तिची सासू बसली होती. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात मेंढीच्या लोकरीचं सूत. मी कोण ते सांगितल्यावर तिनं शेजारी जागा केली.

"मंगल कुठंय, मावशी?"

म्हातारीनं हनुवटीनं दाराकडं खूण केली. "झोपलीय. भर दुपारची. काम सुटलं, पर सवय सुटंना. रातची टक्क जागी ऱ्हाती, भांडी घासती, अंगन झाडती. आन् दिवस वर आला की लागली पडायला. गावात बाया इचारत्यात, तुमची सून दिवसा झोपती व्हय? मला लाज वाटती, बाई."

पलीकडं मंगलची मुलगी आणि शेजारची दोन पोरं डबा वाजवत खेळत होती. म्हातारीनं सूत खाली ठेवलं आणि शेजारची काठी उचलून त्यांच्यावर उगारली.

"ये, गप! आय झोपलीय न्हवं? तिकडं लांब जावा!"

पोरं पळाली. मग तिनं माझ्याकडं न बघता सूत परत हातात घेतलं.

"मेंढरं बी दुपारची बसत्यातच की," ती म्हणाली. "एकमेकांच्या पोटाखाली मुंडी घालून. त्यांना कुनी इचारतं व्हय, का झोपला म्हनून?"